मोटारसायकलवरील दुसरी बैठक

मोटारसायकल हे मुळात एका माणसाचे वाहन होय. १८८५ साली जर्मनीतील कान्स्टाट येथे गोटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्यात पेट्रोलचे एंजिन बसवून जी दुचाकी सिद्ध केली, तिच्यावर खोगिरासारखी एकच बैठक होती. १८९४ पासून म्युनिक येथील हिल्डेब्रांड व वोल्फम्युलर यांनी विक्रीसाठी जी यंत्रे तयार केली, त्यांतही दुसऱ्या माणसाचा विचार केलेला आढळत नाही. दुसरा माणूस या वाहनावर मागाहून आला, आणि त्याला कोठे बसवावे हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे चर्चेत राहिला. त्याला मागे ओढून पाहिले गेले, पुढे बसवून पाहिले गेले, बाजूस बसवून पाहिले गेले, आणि अखेरीस त्याची जागा चालकाच्या पाठीमागे ठरली. या घडामोडीकडे केवळ यंत्राची सुधारणा म्हणून पाहिल्यास तिचा अर्धा भाग अंधारात राहतो. दुसऱ्या बैठकीचे रूप जितके एंजिनाच्या शक्तीने व स्प्रिंगांनी ठरविले, तितकेच, किंबहुना काही ठिकाणी अधिक, ते स्त्रियांच्या वेषाने व बसण्याच्या रीतीविषयीच्या समजुतीने ठरविले आहे. भारतातील कायद्याचा व येथील यंत्रांच्या रचनेचा इतिहास याची विशेष स्पष्ट साक्ष देतो.

इंग्रजीत मागच्या बैठकीस ‘पिलियन’ म्हणतात. हा शब्द मोटारसायकलीहून सुमारे चार शतके जुना आहे. तो गेलिक भाषेतून आलेला असून त्याच्या मुळाशी ‘कातडे’ या अर्थाचा लॅटिन शब्द असल्याचे मानले जाते. घोड्याच्या खोगिरामागे बांधावयाची लहानशी गादी, असा त्याचा प्रथमचा अर्थ. या गादीवर बहुधा स्त्री बसे, आणि ती घागरा आवरून दोन्ही पाय एका बाजूस सोडून बसे. पुढचा स्वार मात्र मांड टाकून बसलेला असे. म्हणजे मागची बैठक, ती स्त्रीची असणे, आणि तीवर एका अंगाने बसणे या तीन गोष्टींची सांगड घोड्याच्या पाठीवरच पडली होती. यंत्र नवे आले तरी नाव जुने राहिले, आणि नावाबरोबर बसण्याची रीतही काही काळ टिकून राहिली.

प्रथम काही वर्षे मात्र मागे बसणे हे यंत्राच्या दृष्टीनेच अवघड होते. आरंभीच्या अनेक मोटारसायकलींना क्लच नव्हता व गिअरही नव्हते. एंजिनाची शक्ती चामडी पट्ट्याने सरळ मागच्या चाकास मिळे. चालकाने गाडी ढकलीत धावावे, एंजिन सुरू झाले की उडी मारून बैठकीवर बसावे, आणि चढ लागला की पायाने पेडल मारून एंजिनास हातभार लावावा, अशी पद्धत होती. अशा गाडीवर दुसऱ्याने केव्हा व कसे चढावे? चढलाच, तर चढणीवर त्याला उतरावे लागणार हे ठरलेले. यास्तव प्रवाशाला गाडीवर न घेता गाडीला जोडण्याचे उपाय निघाले. मागे दोन चाकांची हलकी गाडी जोडून तीत त्यास बसवीत. पण तेथे त्याच्या वाट्यास एंजिनाचा धूर व रस्त्याची धूळ येई. चालकाशी बोलणे तर दूरच राहिले. दुसरा उपाय याच्या अगदी उलट होता. पुढचे एक चाक काढून तेथे दोन चाके बसवावयाची व त्यांच्या मधोमध खुर्ची ठेवावयाची. ही खुर्ची पुष्कळदा वेताची असे. या रचनेस ‘फोरकार’ म्हणत, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत ती इंग्लंडात बरीच लोकप्रिय होती. प्रवाशाला मोकळी हवा व समोरचे दृश्य मिळे. मात्र टक्कर झाली तर ती प्रथम त्यालाच लागे. चालकाच्या सुरक्षिततेसाठी पाहुण्याला ढालीप्रमाणे पुढे करणारी ही व्यवस्था फार दिवस टिकली नाही, यात नवल नाही.

तिसरा उपाय म्हणजे साइडकार. इंग्लंडात डब्ल्यू. जे. ग्रेअम याने १९०३ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि त्यानंतर थोड्याच काळात तिने मागची गाडी व पुढची खुर्ची या दोहोंना मागे टाकले. १९१२ साली बर्मिंगहॅमच्या परिसरात वॉटसन याने घडीची साइडकार काढली. हेतू असा की, घराच्या अरुंद बोळातून ती आत नेता यावी. पहिल्या महायुद्धात साइडकारवर मशीनगन बसविण्यात आल्या. युद्धानंतर त्याच गाड्यांत कुटुंबे बसू लागली. १९२३ साली आइल ऑफ मॅन येथे साइडकारची पहिली टी. टी. शर्यत झाली व ती फ्रेडी डिक्सन याने डग्लस गाडीवर जिंकली. त्याच्या साइडकारचे चाक वळणावर प्रवाशाला खालीवर करता येत असे. येथे प्रवासी निव्वळ ओझे राहिला नाही, तो गाडी चालविण्यात भागीदार झाला.

साइडकार जोडणे हे चार बोल्ट आवळण्याइतके सोपे काम नव्हे. डाव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशांत ती डावीकडे जोडतात. दुचाकी सुटी असते तेव्हा ती वळणावर आतल्या अंगास कलते व तोल सांभाळते. साइडकार जोडताच हे कलणे संपते व गाडी केवळ हॅण्डलच्या बळावर वळवावी लागते. वेग वाढविला की जोडलेल्या बाजूचे ओझे मागे रेटते व गाडी डावीकडे ओढ खाते. ब्रेक लावला की तेच ओझे पुढे धावू पाहते व गाडी उजवीकडे वळू लागते. साइडकार रिकामी असून डावे वळण वेगात घेतले, तर तिचे चाक जमिनीवरून उचलले जाते. म्हणून नवशिके चालक रिकाम्या साइडकारमध्ये वाळूची पोती ठेवीत. सरळ चालण्यासाठी साइडकारचे चाक पुढच्या बाजूस किंचित आत वळवून ठेवतात. ते मोटारसायकलीच्या मागच्या चाकाच्या थोडे पुढे बसवितात. आणि मोटारसायकल स्वतः साइडकारपासून दूर, बाहेरच्या अंगास जराशी कलती ठेवतात. शिवाय ओझे वाढल्यामुळे एंजिनाकडील दातेरी चक्र लहान घालून वेग कमी व ओढ अधिक अशी योजना करावी लागते. हे सर्व करूनही जे मिळे ते आरामशीर वाहन खरे, पण ते दुचाकी नव्हे. १९२२ साली आलेली ऑस्टिन सेव्हन व १९५९ साली आलेली मिनी या स्वस्त मोटारींनी इंग्लंडातील साइडकारचा ग्राहक टप्प्याटप्प्याने ओढून नेला.

दरम्यान चालकाच्या पाठीमागची जागा रिकामी राहिली नव्हती. क्लच व गिअर आल्यावर, म्हणजे स्थूलमानाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, थांबलेल्या गाडीवर दोघांना बसून निघणे शक्य झाले. मागच्या मडगार्डावर सामानासाठी लोखंडी कॅरिअर असे. त्यावर उशी बांधली की बैठक तयार. या बैठकीस इंग्लंडात ‘फ्लॅपर ब्रॅकेट’ असे थट्टेचे नाव पडले. फ्लॅपर म्हणजे नव्या चालीची, आखूड केसांची तरुणी. त्या नावातच समाजाने या बैठकीवर कोणाची कल्पना केली होती ते दिसते. त्या वेळच्या बहुतेक गाड्यांना मागे स्प्रिंग नसे. चाकाचा सांगाडा ताठ असे. चालकाच्या खोगिराखाली तरी जाड स्प्रिंगा असत. मागच्या उशीखाली काहीच नसे. रस्त्यातील प्रत्येक खड्डा मागे बसणाऱ्याच्या कण्यापर्यंत पोचे. त्यातच ती एका अंगाने, पाय ठेवावयास धड आधार नसता बसलेली असली, म्हणजे पडण्याचा धोका किती, हे सांगावयास नको.

हा धोका ब्रिटिश पार्लमेंटने १९३० च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टात दखलपात्र मानला. दुचाकीवर चालकाखेरीज एकाच व्यक्तीस नेता येईल, आणि ती व्यक्ती चालकाच्या मागे पक्क्या बसविलेल्या योग्य बैठकीवर, मांड टाकूनच बसली पाहिजे, असा नियम त्यात आला. घोड्याच्या पाठीवरून चालत आलेली रीत तेथे एका शब्दाने संपली. तोवर इंग्लंडातील स्त्रियांचा पोशाखही आखूड व सुटसुटीत झाला होता. त्यामुळे हा शब्द फारशा विरोधावाचून पचला असावा.

भारतात मोटार वाहनांचा पहिला सर्वंकष कायदा १९३९ चा. त्याचे ८५ वे कलम मागच्या बैठकीविषयी आहे, आणि त्याची शब्दरचना ब्रिटिश कलमाशी इतकी जुळते की नमुना कोणता याविषयी शंका राहू नये. चालकाखेरीज एकच व्यक्ती, पक्की बसविलेली योग्य बैठक, ती चालकाच्या मागे, या सर्व अटी येथे आहेत. एक शब्द मात्र नाही. ‘मांड टाकून’ हा. जवळजवळ वाक्यच्या वाक्य उचलताना नेमका तेवढा शब्द अनवधानाने गळला, असे मानणे कठीण आहे. भारतीय स्त्री साडी नेसून मांड टाकून बसणार नाही, आणि तसे बसण्याची सक्ती कायद्याने करू नये, हा विचार त्या गाळण्यामागे असावा, असेच अनुमान निघते. योगायोग असा की १९८८ साली दोन्ही देशांनी आपापले कायदे नव्याने केले. ब्रिटिश कायद्याच्या २३ व्या कलमात तो शब्द कायम राहिला. भारतीय कायद्याच्या १२८ व्या कलमात तो पुन्हा आला नाही. त्याऐवजी ‘योग्य त्या सुरक्षिततेच्या उपायांसह’ अशा आशयाचे शब्द शेवटी जोडले गेले. एका देशाने बसणाऱ्याची रीत बदलली. दुसऱ्याने रीत तशीच ठेवून यंत्रावर उपायांचा भार टाकला.

येथे साडी हा एकच शब्द वापरणे थोडे दिशाभूल करणारे आहे. महाराष्ट्रातील काष्ट्याचे नऊवारी लुगडे हे दोन्ही पाय मोकळे ठेवणारे वस्त्र होय. ते नेसून शेतात राबता येते व घोड्यावर मांडही टाकता येते. गोल नेसणीची पाचवारी वा सहावारी साडी तशी मुभा देत नाही. नागर मध्यमवर्गात पाचवारीचा प्रसार होत गेला त्याच काळात मोटारसायकल व स्कूटर त्या वर्गाच्या आवाक्यात येऊ लागली. आधुनिक मानल्या गेलेल्या नेसणीने स्त्रीला आधुनिक वाहनावर अधिक अवघड रीतीने बसविले, हा या इतिहासातील एक लक्षणीय विरोध आहे. अर्थात केवळ वस्त्र हेच कारण नव्हे. मांड टाकून बसणे हेच पुष्कळ घरांत अशोभनीय मानले जाई, आणि ती समजूत वस्त्र बदलल्यावरही काही काळ टिकली.

मराठीत मोटारसायकलीस फटफटी हे नाव तिच्या आवाजावरून पडले. दोघांनी बसण्यास ‘डबलसीट’ हा शब्द रूढ झाला आणि कायद्याने निषिद्ध असलेल्या तिघांच्या स्वारीसाठी त्याच धर्तीवर ‘ट्रिपलसीट’ हा शब्द बनला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने निकालात काढलेल्या अनेक मोटारसायकली भारतात विकल्या गेल्या. दिल्लीत त्यांतील हार्ले-डेव्हिडसन गाड्यांना मागे दोन चाकांची छपरी गाडी जोडून उतारूंची वाहने बनविण्यात आली. ही ‘फटफट’ सेवा चांदणी चौक व कॅनॉट प्लेस यांच्या दरम्यान शतकाच्या अखेरीपर्यंत चालली व प्रदूषणाच्या कारणास्तव १९९८ साली बंद पडली. गुजरातेत सौराष्ट्राकडे एन्फिल्डच्या पुढच्या अर्ध्या भागास डिझेल एंजिन व मागे लांब हौदा जोडून छकडा सिद्ध झाला. युरोपने १९०५ च्या आसपास सोडून दिलेली जोडगाडीची कल्पना येथे अशी निराळ्या गरजेने पुन्हा जन्मास आली. गोव्यात याच्या उलट, यंत्रात काहीही फेरफार न करता मागची बैठकच भाड्याने देण्याची पद्धत रुजली. पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकलीवरून उतारू नेणाऱ्या चालकास तेथे ‘पायलट’ म्हणतात.

बैठक खऱ्या अर्थाने दोघांची झाली ती मागच्या चाकास स्प्रिंग मिळाल्यावर. १९४६ च्या व्हिन्सेंट रॅपिड गाडीवर रबराच्या फेसाची गादी असलेली लांब, सलग बैठक आली. १९५० च्या दशकात मागचे चाक हलत्या भुजेवर व दोन स्प्रिंगांवर टेकविण्याची रचना सर्वत्र झाली आणि सलग बैठक रूढ झाली. भारतात १९५५ साली मद्रास येथे एन्फिल्ड इंडिया कंपनी स्थापन होऊन बुलेट गाडी तयार होऊ लागली. १९६० च्या दशकाच्या आरंभी म्हैसूरला जावा गाडी आली. जावाची मागची साखळी पूर्णपणे झाकलेली असे, आणि साडीच्या दृष्टीने हा गुण लहान नव्हता.

परंतु भारतीय कुटुंबाचा प्रश्न अधिक चांगला सोडविला तो स्कूटरने. १९४६ साली इटलीत कोरादिनो दास्कानिओ याने आखलेल्या व्हेस्पाचे मागचे चाक पत्र्याच्या अंगाखाली जवळजवळ झाकलेले होते, साखळी नव्हतीच, आणि पुढे सपाट फळी होती. पुण्याच्या बजाज कंपनीने १९५९ साली पियाज्जिओकडून परवाना मिळविला. १९७१ साली तो करार संपल्यावर लवकरच चेतक बाजारात आली. एका अंगाने बसणाऱ्या स्त्रीसाठी डाव्या बाजूस पाय ठेवण्याची स्वतंत्र पट्टी बसवून घेणे हा स्कूटर घेतल्यानंतरचा जणू पहिला संस्कार होता. मुलगा पुढच्या फळीवर उभा, पत्नी मागे आडवी बसलेली व तिच्या मांडीवर तान्हे मूल, हे चित्र कित्येक वर्षे शहरांतून रोजचे होते. कायद्याने त्यांतील दोघेच मोजले जात.

एका अंगाने बसल्याने तोलावर काय परिणाम होतो, हे साध्या हिशेबाने पाहता येईल. गाडी ११० किलो, चालक ६५ किलो व मागची व्यक्ती ६० किलो धरली, तर एकूण २३५ किलोंपैकी चतुर्थांशाहून अधिक भार मागच्या व्यक्तीचा येतो, आणि तो जवळजवळ मागच्या आसावर येतो. पुढचे चाक त्यामानाने हलके होते. हॅण्डल थोडे अस्थिर वाटते, दिव्याचा झोत वर चढतो, ब्रेक लावल्यावर थांबण्यास अंतर अधिक लागते. याकरिताच मागच्या टायरमध्ये दोघांसाठी निराळा, अधिक दाब सांगितलेला असतो, आणि मागच्या स्प्रिंगा एकदोन खाचा घट्ट कराव्या लागतात. आता ही व्यक्ती आडवी बसल्याने तिचा गुरुत्वमध्य गाडीच्या मध्यरेषेपासून आठ सेंटिमीटर डावीकडे सरकला असे समजू. सर्व भाराचा गुरुत्वमध्य त्यामुळे सुमारे दोन सेंटिमीटर सरकतो. तो जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंच असल्यास, सरळ चालण्यासाठी चालकाला गाडी सुमारे दीड अंश उजवीकडे कलती ठेवावी लागते. सवयीच्या चालकास हे जाणवतही नाही. धोका निराळा आहे. मांड टाकून बसलेली व्यक्ती गुडघ्यांनी बैठक धरू शकते. आडव्या बसलेलीस हाताच्या पकडीखेरीज आधार नाही, आणि गाडी अकस्मात दचकली तर ती मागे किंवा पुढे न जाता सरळ रस्त्यावर उतरते.

दुसरा धोका वस्त्राचा. डाव्या बाजूच्या वाहतुकीत पदपथाकडून चढणे सोयीचे, म्हणून स्त्रिया डावीकडे पाय सोडून बसतात. आणि बहुतेक मोटारसायकलींची मागची साखळीही डावीकडेच असते. साडीचा घोळ नेमका साखळीवर व चाकाच्या आऱ्यांवर लोंबतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम या ठिकाणी लागतो. मागे बसण्याची सोय असलेल्या प्रत्येक मोटारसायकलीस चालकाच्या बैठकीच्या बाजूस वा मागे कायमची मूठ, पाय ठेवण्याचा आधार, आणि मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात गुंतू नयेत म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे साधन असले पाहिजे, असे तो सांगतो. बाजारात या साधनास साडीगार्ड म्हणतात. १९३९ साली जो एक शब्द कायद्यातून वगळला गेला, त्याची भरपाई पन्नास वर्षांनी लोखंडी जाळीच्या रूपाने करावी लागली, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. परदेशी घडणीच्या मोटारसायकलींनाही येथील रस्त्यावर येताना ही जाळी चढवावी लागते. आणि तरुण ग्राहक गाडी घरी आणल्यावर रूपाला बाध येतो म्हणून प्रथम तीच काढून टाकतात.

डोक्याच्या संरक्षणाच्या बाबतीत १९८८ च्या कायद्याच्या १२९ व्या कलमाने मागे बसणाऱ्यासही शिरस्त्राण आवश्यक केले, पण साइडकारमध्ये बसणाऱ्यास मात्र वगळले. रस्त्यावर ती विरळ झाली असता कायद्यात तिचे स्थान शाबूत होते. २०१९ च्या सुधारणेने चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीस हा नियम लावला. त्याहून लहान मुलांसाठी २०२२ साली केलेल्या नियमाने मुलाला चालकाशी जोडणारा पट्टा, शिरस्त्राण व ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा सांगितली. आईच्या मांडीवरील मूल अशा रीतीने प्रथमच नियमांत स्वतंत्र प्रवासी म्हणून मोजले गेले.

नियमात ‘साडी’ असा शब्द नाही, ‘कपडे’ असा आहे, ही गोष्ट आता अधिक महत्त्वाची ठरत आहे. सलवार-कमीज व पँट नेसणाऱ्या तरुणी बहुधा मांड टाकून बसतात. म्हणजे १९३० च्या ब्रिटिश कायद्याने जे सक्तीने केले, ते येथे वेषाच्या बदलाने आपोआप घडले. परंतु सलवार-कमीजाबरोबर ओढणी आली. चाकात ओढणी गुंतून गळ्यास फास बसण्याचे अपघात भारतीय शल्यवैद्यांना चांगलेच परिचित आहेत. नर्तकी इसाडोरा डंकन हिचा १९२७ साली नीस येथे उघड्या मोटारीच्या चाकात गळपट्टा अडकून झालेला मृत्यू जगभर गाजला. ओढणीचे अपघात स्थानिक वृत्तात चार ओळींपलीकडे क्वचितच जातात. आणि साडीगार्डाची जाळी बहुधा एका आडव्या बसलेल्या स्त्रीची कल्पना करून डावीकडेच बसविलेली असते. मांड टाकून बसलेल्या मुलीची ओढणी वाऱ्याने उजवीकडेही जाते, आणि त्या बाजूचे आरे उघडेच असतात.